चार हजार थ्री आणि तेरा चुका

१३ मार्च २०२५ या दिवशी स्टीफन करीनं सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध कारकिर्दीतला चार हजारावा थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, टाकला. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या, इतिहासात तिथवर कुणीही पोचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो ३७ वर्षांचा झाला. तेव्हापासून आमच्या सानपाड्याच्या घरात एका वादानं मुक्काम ठोकला आहे. गोल्डन स्टेट वॉरियर्सनं करीची उरलेली वर्षं जिंकण्यासाठी सगळं पणाला लावावं, की त्याच्या शेजारी बाकावर बसलेल्या पोरांना मोठं होऊ द्यावं?

वाद घालणारे दोघे आहेत. एक माझा धाकटा भाऊ. तो सानपाड्याच्या कारशेडमध्ये नोकरीला आहे, पन्नाशीच्या पुढचा. तरुणपणी बास्केटबॉल खेळला आणि आता संध्याकाळी इथल्याच मैदानावर दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवतो. दुसरी माझी मुलगी. एकोणीस वर्षांची, वाशीच्या कॉलेजच्या संघात गार्ड म्हणून खेळते, बहुतेक वेळा बाकावरून उठून. पाहुण्यांना वाटतं, मामा जुन्या खेळाडूची बाजू घेत असेल आणि भाची नव्यांची. आमच्याकडे बरोबर उलट आहे. मला त्यात नवल वाटत नाही. बाकावर बसून कंबर मोडलेला माणूस बाकावरच्या पोराला विसरत नाही. आणि माझ्या मुलीनं समज आल्यापासून बास्केटबॉल पाहिला तो करीचाच.

सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसातला दिसतो. भाऊ रात्रपाळी संपवून थेट आमच्याकडे येतो. मुलीची कॉलेजला जायची घाई असते. त्यामुळे त्यांचं भांडण नेहमी अर्ध्यावर तुटतं. २०२५च्या श्रावणातल्या एका रविवारी मात्र मैदानावर पाणी साचलं होतं, शिकवणी बंद, कॉलेजला सुट्टी. त्या दिवशी दोघं पोटभर बोलले. मी ऐकत होते आणि मधेमधे माझंही म्हणणं मांडत होते. लक्षात राहिलं ते इथे देते.

भाची : मामा, ऑगस्ट आला तरी वॉरियर्सच्या त्या तरुण जोनाथन कुमिंगाच्या कराराचं काही ठरत नाही. माझ्या हातात असतं ना, तर मी त्याला केव्हाच दुसऱ्या संघाकडे पाठवून बदल्यात आजच उपयोगी पडेल असा कसलेला खेळाडू आणला असता. करीचा करार २०२६-२७च्या मोसमापर्यंत आहे. म्हणजे दोन मोसम. त्यात काय मिळेल ते मिळेल.

मामा : आणि दोन मोसम संपल्यावर?

भाची : मग तळापासून सुरुवात. २०१९-२०मध्ये नव्हतो का तळाला? ६५ सामन्यांत १५ जिंकले होते.

मामा : त्या वर्षी करी हात मोडून बसला होता. पाच सामने खेळला फक्त. क्ले थॉम्पसन तर अख्खा मोसम बाहेर. त्या पडझडीतूनच तर २०२०च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली.

भाची : मिळाली, आणि तिचं काय केलं? जेम्स वाइजमन घेतला. सात फुटी पोरगा, पण कॉलेजात जेमतेम तीन सामने खेळलेला. पहिल्या मोसमात गुडघा गेला, दुसरा मोसम पूर्ण बाहेर, फेब्रुवारी २०२३मध्ये डेट्रॉइटला रवाना. वाइजमनच्या लगेच पुढे लमेलो बॉल होता. टायरीज हॅलिबर्टन तर बाराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. करीच्या एवढ्या मोलाच्या वर्षांवर असा जुगार खेळायचा?

इथे वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. एनबीएमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून संघात येतात. ज्यांचा मोसम वाईट गेला त्यांचा नंबर साधारण आधी लागतो, विजेत्यांचा शेवटी. त्यामुळे सतत जिंकणाऱ्या संघाला उमदी पोरं सहसा मिळतच नाहीत. वॉरियर्सना एका वाईट वर्षामुळे आणि काही अदलाबदलींमुळे दोन्ही गोष्टी एकदम मिळाल्या. तिशी ओलांडलेले विजेते घरात होतेच. शिवाय २०२०मध्ये वाइजमन आला, २०२१मध्ये सातव्या क्रमांकावर जोनाथन कुमिंगा आणि चौदाव्यावर मोझेस मूडी. संघाच्या धुरिणांनी ठरवलं की पोरं विकायची नाहीत. आजचं विजेतेपद आणि उद्याचा संघ, दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं.

मामा : योजना चूक नव्हती. आपल्या सानपाड्याला ठाण्याकडून येणारी लाइन हार्बरला मिळते, ती सांध्यामुळे मिळते. दोन रूळ नुसते शेजारी टाकून गाडी एका लाइनीवरून दुसरीवर जात नाही. वॉरियर्सनं रूळ दोन टाकले, सांधा बसवला नाही. तो दोष पोरांचा नव्हे.

भाची : सांधा म्हणजे?

मामा : मिनिटं. ४८ मिनिटांच्या सामन्यात पोराला कुठली मिनिटं देता? सामना हातातून गेल्यावरची, की अटीतटीची? वीस गुणांनी मागे पडल्यावर आत पाठवलेला पोरगा काहीच शिकत नाही. तिथे त्यानं चूक केली तरी कुणाला दुखत नाही, आणि दुखल्याशिवाय चूक कळत नाही.

भाची : जॉर्डन पूलला मिळाली होती ना तशी मिनिटं?

मामा : मिळाली, म्हणून तर २०२२ जिंकलो! पूल २०१९च्या ड्राफ्टमध्ये २८वा होता. त्या क्रमांकाच्या पोराचं नावसुद्धा लोक विसरतात. सुरुवातीला त्याचा नेम इतका वाईट होता की लोक नको नको म्हणत. मग त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, तिथून तो तयार होऊन आला. आणि २०२२च्या फायनलमध्ये बॉस्टनविरुद्ध दुसऱ्या सामन्यात तिसरं क्वार्टर संपता संपता त्यानं जवळजवळ अर्ध्या मैदानावरून टाकलेला थ्री आठवतो ना? करी, थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन या जुन्यांबरोबर तो खेळत होता. त्याला भविष्य म्हणून कपाटात ठेवलं नव्हतं.

भाची : आणि चार महिन्यांत काय झालं? ऑक्टोबर २०२२मध्ये सरावात ड्रेमंड ग्रीननं त्याला ठोसा मारला. पुढच्या उन्हाळ्यात पूल वॉशिंग्टनला गेला आणि बदल्यात आला ख्रिस पॉल, अडतीस वर्षांचा. तूच सांग, पोरांना सांभाळायचं म्हणणाऱ्यांनी त्या ठोशानंतर कुणाला सांभाळलं?

भाऊ यावर गप्प राहिला. माझ्या मते मुलीचा हा मुद्दा त्या दुपारचा सर्वांत भक्कम मुद्दा होता. संघात नव्या पोराला जागा देणं म्हणजे त्याला गणवेश आणि लॉकर देणं एवढंच नसतं. जुन्या माणसांनी थोडं सरकून बसायचं असतं, आणि सरकायची पाळी आली की भल्याभल्यांचा तोल जातो. ग्रीननं माफी मागितली, काही दिवस संघापासून दूर राहिला, मग खेळायला लागला. पूलची त्या संघातली घडी मात्र पुन्हा बसली नाही.

मुलगी मग तिच्या आवडत्या विषयाकडे वळली. करी काय करतो हे ती सांगते तेव्हा मला खेळ कळत नसूनही कळतो.

भाची : आई, तू नुसता चेंडू बघतेस. चेंडू बघू नकोस, समोरच्या संघाचे पाय बघ. करी अर्धं मैदान ओलांडून आला की दोन बचावपटू त्याच्याकडे सरकतात. एनबीएची थ्रीची रेषा समोरून ७.२४ मीटरवर आहे, आमच्या कोर्टावरची ६.७५वर. तो त्या ७.२४च्याही दोन-दोन पावलं मागून टाकतो. म्हणजे बचावाला तितकं पुढे यावंच लागतं. दोघं त्याच्यावर गेले की तो चेंडू ग्रीनला देतो. आता पुढे चारांविरुद्ध तिघं. कुणीतरी मोकळा असणारच. त्यानं एकही बास्केट न टाकता त्याच्या संघाचे गुण वाढतात ते असे. आणि चेंडू दिल्यावर तो थांबत नाही. स्क्रीनच्या आडून, बेसलाइनवरून, पुन्हा कोपऱ्यात, धावतच राहतो. सदतिसाव्या वर्षी! हे पाय किती दिवस टिकणार? २०२५च्या दुसऱ्या फेरीत मिनेसोटाविरुद्ध पहिल्याच सामन्यात मांडीचा मागचा स्नायू दुखावला. तेरा मिनिटं खेळला होता तेव्हा. तो सामना जिंकलो, पुढचे चारही हरलो. म्हणून म्हणते, वाट बघायला वेळ नाही.

मामा : ते चार सामने काढलेस ते बरं झालं. त्या चार सामन्यांत आपल्याकडून सगळ्यात जास्त गुण कुणी केले?

भाची : मला माहीत होतं तू हेच म्हणणार.

मामा : कुमिंगानं. तिसऱ्या सामन्यात ३० गुण. हा तोच पोरगा, ज्याला त्याआधी मेम्फिसविरुद्धच्या प्ले-इन, म्हणजे बाद फेरीत शिरण्याच्या, सामन्यात एक मिनिटही दिलं नव्हतं. ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेतही कितीदा बसवून ठेवला. बावीस वर्षांचा पोरगा, काँगोतल्या गोमा शहरातून शाळकरी वयात अमेरिकेत आलेला. करी पडल्यावर त्याला हाक मारली आणि तो ओ देऊन उभा राहिला. आणखी काय करायचं त्यानं?

भाची : पण मामा, हरलोच ना? तीस गुण केले ते चेंडू हातात धरून, एकट्यानं रिंगकडे घुसून. करी असताना तसं चालत नाही. करीबरोबर खेळायचं तर चेंडू आला की एक तर लगेच टाक, नाहीतर लगेच दे. कुमिंगा चेंडू थांबवतो. तो थांबला की करीची धाव फुकट जाते. प्रशिक्षक स्टीव्ह कर उगाच नाही त्याला बसवत. कर स्वतः शिकागोत मायकल जॉर्डनच्या शेजारी खेळलाय. मोठ्या खेळाडूच्या शेजारी कसं उभं राहायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळतं?

मामा : मान्य. कुमिंगाचा खेळ करीच्या खेळात बसत नाही, हे खरं आहे. पण मग २०२१मध्ये त्याला घेतलं तेव्हा हे दिसत नव्हतं? घेतला तर घडवा. घडवायचा नसेल तर त्याच वर्षी सोडून द्या, म्हणजे तो दुसरीकडे घडेल. चार वर्षं आज आत, उद्या बाहेर, परवा पुन्हा आत. त्या पोराला कळणार तरी कसं की नेमकं काय सुधारायचं?

भाची : बरं, मग ह्यूस्टनविरुद्धचा सातवा सामना घे. ५ मेच्या सकाळी आपण तिघांनी बघितला. करीला त्यांनी जखडून ठेवलं होतं. तारलं कुणी? बडी हील्डनं. ३३ गुण, ९ थ्री. बत्तीस वर्षांचा माणूस. त्या दिवशी एखादा कोवळा पोरगा असता तर हात थरथरले असते.

बडी हील्डचं नाव आमच्या घरात आपुलकीनं घेतलं जातं, त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे, जुहूत वाढलेले. आधी वॉरियर्समध्येही त्यांची भागीदारी होती. ४ तारखेचा पहिला सामना हजारो शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता आणि आठवीतली माझी मुलगी त्या मुलांमध्ये होती. जादा वेळेत पेसर्सनं १३२-१३१ असा जिंकलेला तो सामना ती अजूनही चेंडू-चेंडू सांगते. हील्ड तेव्हा किंग्जकडे होता. घरी आल्यावर तिनं मामाला फोन केला आणि म्हणाली, मला शूटिंग शिकव. तिचा मामाशी वाद घालण्याचा अधिकार तिथून सुरू झाला असं मी मानते.

मामा : हील्डला मी नावं ठेवत नाही. पण करीची गोष्ट तू २०१५च्या विजेतेपदापासून सुरू करतेस. तिच्या आधीची तीन वर्षं बघ. मार्च २०१२. वॉरियर्सचा हीरो कोण होता?

भाची : मॉन्टा एलिस.

मामा : बरोबर. लोकांचा लाडका, संघाचा सगळ्यात जास्त गुण करणारा. मालकांनी त्याला मिल्वॉकीला देऊन टाकला आणि बदल्यात आणला अँड्र्यू बोगट, तोही पाय दुखावलेला. संघ कुणाच्या हवाली केला? करीच्या. त्या मोसमात करी घोट्याच्या दुखण्यानं फक्त २६ सामने खेळला होता! काही दिवसांनी संघाचा जुना खेळाडू ख्रिस मलिनच्या सत्काराला मालक जो लेकब मैदानात बोलायला उभे राहिले तर अख्ख्या स्टेडियमनं त्यांची हुर्यो उडवली. बोलू देईनात. हुर्यो करणारे लोक तुझ्यासारखेच संघावर जीव टाकणारे होते. त्यांना आज खेळणारा माणूस हवा होता आणि समोर होता एक काटकुळा, लंगडणारा पोरगा.

भाची : ती चाल बरोबर ठरली म्हणून तू आज सांगतोस. वाइजमनची चूक ठरली.

मामा : हो. काही चुकतात. पण जी बरोबर ठरली तीसुद्धा त्या दिवशी चूकच वाटत होती, एवढंच माझं म्हणणं.

मी म्हटलं, वानखेडेवर आपण हे पाहिलं आहे. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं आणि २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवरच, घरच्या प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो केली. मुंबई त्या वर्षी तळाला राहिली. जुलैमध्ये टी-२० विश्वचषक जिंकून संघ परतला तेव्हा त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकचा जयजयकार झाला. मुलीनं लगेच दुरुस्ती केली की हार्दिक काही कोवळा पोरगा नव्हता आणि रोहितला ज्या रीतीनं बाजूला केलं ती रीत तिला अजूनही पटलेली नाही. मला तिची दुरुस्ती मान्य आहे. प्रेक्षकाचा राग बऱ्याचदा येणाऱ्या माणसावर निघतो, तो खरं तर जाणाऱ्या माणसावरच्या मायेतून आलेला असतो. ती माया खोटी नसते. पण तिचा भार नव्या माणसाला उचलावा लागतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

मामा : आणखी मागे जा. करी डेव्हिडसन कॉलेजात गेला, कारण मोठ्या कॉलेजांनी त्याला घेतलं नव्हतं. बाप डेल करी एनबीएत सोळा मोसम खेळलेला, तरी नाही. बारीक आहे, बुटका आहे, म्हणाले. कॉलेजातला त्याचा पहिला सामना ईस्टर्न मिशिगनविरुद्ध. किती टर्नओव्हर केले माहीत आहे? तेरा. तेरा वेळा चेंडू घालवला एका सामन्यात. तू तुमच्या संघात तेरा वेळा चेंडू घालवलास तर तुझे सर काय करतील?

भाची : (जरा थांबून) पुढचा महिनाभर आत घेणार नाहीत.

मामा : डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉपनं दुसऱ्या सामन्यात त्याला पुन्हा उभा केला. समोर मिशिगन. पोरानं ३२ गुण केले. मॅकिलॉपनं त्याला बसवला असता, तर चार हजार थ्री कुणाचे मोजले असते आपण?

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बोलली ती वेगळंच.

भाची : मामा, तुला असं कुणी उभं केलं नाही का कधी?

हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. आम्ही भायखळ्याला वाढलो. भाऊ नागपाड्याला खेळायला जायचा. मुंबईच्या बास्केटबॉलचं मूळ त्याच भागात आहे. मस्तान तलावाजवळचं वायएमसीएचं कोर्ट, नागपाडा नेबरहूड हाउस, आणि गल्लीबोळांतून येणारी पोरं. १९७०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे, भारताचं नेतृत्व केलेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. भाऊ तिथल्या एका क्लबाच्या दुसऱ्या संघात होता.

मामा : केलं होतं एकदा. उपांत्य सामना होता, आमचा पहिला गार्ड पाच फाउल होऊन बाहेर. सरांनी मला आत पाठवलं. पहिला पास मी सरळ समोरच्याच्या हातात दिला. सरांनी तिथल्या तिथे परत बोलावलं. पुढे दोन मोसम मी फक्त वॉर्म-अपला दिसायचो. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना सामना जिंकायचा होता. पण पुढच्या चेंडूला मी काय केलं असतं, ते मला कधीच कळलं नाही.

भाची : म्हणून तू कुमिंगाचा वकील.

मामा : म्हणून मी माझ्या मैदानावरच्या पोरांचा वकील. अमेरिकेत कुमिंगाला चार दारं उघडी आहेत. आपल्याकडे २०१५ला यूबीए लीग आली. मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज, पोरांना वाटलं आता आपलंही काही होईल. २०१७नंतर ती बंद पडली. आपल्या खेळाडूला शाळा, कॉलेज आणि नशीब असेल तर रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडू म्हणून नोकरी, एवढाच रस्ता. रेल्वेच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं गाजवल्या त्या याच रस्त्यानं. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली, तिच्यामागे आईबाप दोघंही बास्केटबॉलवाले होते. ज्याच्या घरी कुणी खेळलेलं नाही, त्या पोराला चुका करायला वेळ कुठे मिळतो? सतराव्या वर्षी बसवला की संपला.

भाची : पण तुझीच पोरं करीची नक्कल करत अर्ध्या मैदानावरून फेकतात आणि तू ओरडतोस त्यांना. मग तिथे चुका का नाही करू देत?

मामा : कारण ती चूक त्यांची नाही, करीची उसनी घेतलेली आहे. दहा वर्षांच्या पोराच्या हातात ६.७५ मीटरवरून टाकायची ताकदच नसते. कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलतो. तीच सवय हाडात बसते. करीसुद्धा शाळेत कमरेजवळूनच टाकायचा. डेल करीनं एका उन्हाळ्यात त्याचा शॉट मोडून पुन्हा बांधला, डोक्याच्या वरून सुटेल असा. त्या उन्हाळ्यात करीला रिंगपासून लांब उभं राहून टाकताच येत नव्हतं, इतका तो बिघडला होता. मी पोरांना करीचे व्हिडिओ दाखवतो, पण आधी त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतो.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या दोघांचं भांडण करी विरुद्ध कुमिंगा असं मुळात नाहीच. वॉरियर्सनं २०२२मध्ये विजेतेपद मिळवलं ते करी मोठा म्हणून, आणि पूल त्याच्याबरोबर त्याच मिनिटांत खेळला म्हणूनही. त्यानंतरच्या तीन मोसमांत, २०२३ला लेकर्सकडून, २०२४ला प्ले-इनमध्येच सॅक्रामेंटोकडून आणि २०२५ला मिनेसोटाकडून ते हरले, त्यात करी कमी पडल्याचं मला दिसत नाही. पोरांना उद्याच्या खात्यात मांडून ठेवलं, हे मला दिसतं. उद्याच्या खात्यातल्या माणसाकडून आज कुणी काही मागत नाही, आणि मागितल्याशिवाय तो देत नाही. भाऊ मिनिटं मागतो ते बरोबर आहे. मुलगी म्हणते की ती मिनिटं जिंकायच्या सामन्यातली असावीत, करीच्या शेजारची असावीत आणि करीच्या खेळाच्या शिस्तीत बसणारी असावीत, तेही बरोबर आहे. दोघांच्या म्हणण्याचा हिशोब एकत्र मांडला तर स्टीव्ह करचं काम फार कठीण होतं. चूक होऊ द्यायची आणि सामनाही घालवायचा नाही. मॅकिलॉपनं ते एका छोट्या कॉलेजात केलं. करोडो डॉलरच्या संघात, भरलेल्या स्टेडियमसमोर ते करायला जास्त धैर्य लागतं. तसं धैर्य कुणी दाखवलं तर पहिले काही सामने हरल्यावर आपण प्रेक्षकांनी त्याची हुर्यो करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

मी हे बोलून दाखवलं. मुलीला ते पूर्ण पटलं नाही.

भाची : आई, धैर्य वगैरे ठीक आहे. पण गेल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमधली फ्रान्सविरुद्धची फायनल आठव. शेवटच्या तीन मिनिटांत चार थ्री. एक तर दोघं अंगावर असताना. त्या क्षणी बाकावर कोण शिकतंय याचा विचार मी का करू? असा माणूस पुन्हा दिसणार नाही मला. तो खेळतोय तोवर मला त्याचा प्रत्येक सामना मोठा हवाय. मे महिन्यात, जूनमध्ये. मोसम एप्रिलमध्ये संपलेला नकोय.

मामा : मलाही नकोय. करी जूनमध्ये खेळावा असं मला वाटत नाही असं समजू नकोस. इतकी वर्षं मी हा खेळ पाहतोय, असा नेम मी पाहिला नाही.

भाची : मग शेवटची पाच मिनिटं, दोन गुणांचा फरक, जूनमधला सामना. तुझे पाच सांग.

मामा : करी, बटलर, ग्रीन. जिमी बटलर फेब्रुवारीत आला आणि संघ सावरला, त्याला काढता येत नाही. चौथा पॉजेम्स्की, धडपड्या आहे, रिबाउंडला घुसतो. पाचवा कुमिंगा.

भाची : पाचवा मूडी. कोपऱ्यात उभा राहील, चेंडू आला की टाकेल, नाही आला तर बचाव करेल. चेंडू थांबवणार नाही.

मामा : मूडी म्हणजे २०२१च्याच ड्राफ्टमधला. कुमिंगाच्या मागून सात नंबरांनी आलेला. तोही माझ्याच पोरांपैकी.

भाची : माहितीये. चार वर्षं थांबला, निम्मे दिवस बाकावर. त्याला तीन वर्षांचा करार दिला तेव्हा तू खूश झाला होतास, मला आठवतंय. मला पोरं नको असं मी कधी म्हटलं? मला करीचा पास झेलून लगेच टाकणारा पोरगा हवाय.

मामा : आणि त्यानं पहिला चुकवला तर?

भाची : तर पुढचाही त्यालाच द्यायचा. करी देतोच. मोकळा असेल त्याला तो पुन्हा देतो, आधीचा चुकला होता का हे बघत नाही.

मामा : मग कुमिंगाला का नाही?

भाची : कारण कुमिंगा तिथे उभाच राहत नाही, मामा! तो उभा राहायला लागू दे. ऑक्टोबरात पहिल्या महिन्याभरात तो कोपऱ्यात उभा राहून आलेला चेंडू लगेच टाकताना दिसला, तर मी मूडीला काढून त्याला घेईन.

मामा : महिना कमी आहे. जानेवारीपर्यंत दे.

भाची : डिसेंबर.

मामा : बरं, डिसेंबर. पण तोवर रोज वीस मिनिटं, आणि चुकला म्हणून मधेच बसवायचं नाही.